धरणावर चाललात तर एवढं टाका

नाशिकच्या माणसाला पाणी दिसलं की त्यात काहीतरी टाकावंसं वाटतं. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग आहेच, पण पन्नासएक वर्षं पाहून झाल्यावरचा आहे. पूल आला की गाडीचा वेग कमी होतो, काच खाली होते आणि एक पिशवी बाहेर जाते. पुलांना उंच जाळ्या लावल्या, तर लोक जाळीवरून पिशवी भिरकावायला शिकले. पिशवी प्लास्टिकची, तिला घट्ट गाठ मारलेली. आतल्या फुलांना पाणी लागू नये अशी पुरती व्यवस्था. पिशवी पलीकडे गेली की टाकणारा हात जोडतो आणि डोळे मिटतो. त्या जोडलेल्या हातांची मला जितकी किळस येते तितकी गटाराचीही येत नाही.

ही किळस मला घरातूनच मिळाली. आमचं घराणं गंगेवरचं. नाशकात गोदावरीला घरच्या बोलण्यात कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. त्या गंगेवर येणाऱ्या यात्रेकरूंची धर्मकृत्यं करून पोट भरणारी जी घरं आहेत त्यातलंच आमचं एक. वडिलांनी हे काम चाळीस वर्षांहून अधिक केलं. मी केलं नाही. कॉलेजात असतानाच सांगून टाकलं की मला जमायचं नाही, आणि पुढे एका विमा कंपनीत चिकटलो. लोक विचारायचे, घरची परंपरा का सोडलीस, तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत बोलायचो. खरं कारण होतं वास. ओली राख, कणकेचे भिजलेले गोळे, नासलेलं दूध, भादरलेले केस आणि त्यातच उगाळलेलं चंदन. वडील संध्याकाळी घरी यायचे ते हा वास अंगावर घेऊनच. ते पानावर बसले की मी माझं ताट उचलून दुसऱ्या खोलीत जायचो.

आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती, जी घरात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती. कुठलाही विधी आचमनाने सुरू होतो. उजव्या तळहाताचा खळगा करायचा, त्यात पळीभर पाणी घ्यायचं, देवाचं एक नाव घ्यायचं आणि ते पाणी प्यायचं. असं तीनदा. चौथ्या नावाला पाणी हातावरून ताम्हनात सोडून द्यायचं. वडील हे करून दाखवायचे आणि समोर बसलेले यजमान त्यांचं पाहून गंगेवरच्या कुंडातलं पाणी प्यायचे. मी दहा वर्षांचा असताना एकदा सुट्टीत वडिलांचा डबा घेऊन गेलो होतो. त्यांचं काम संपेपर्यंत पायरीवर बसून राहिलो. त्यांचा हात तोंडाशी जाई, ओठ पाण्याला लागल्यासारखे होत आणि नेमकं त्याच वेळी मनगट किंचित वळे. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळे आणि उपरण्यात जिरून जाई. तीनही वेळा तसंच. वडील ते पाणी पीत नव्हते. त्यांच्यासमोर बसलेलं कुठल्यातरी दूरच्या गावचं म्हातारं जोडपं मात्र मनोभावे घोट घेत होतं, आणि त्यांच्या गुडघ्यापाशी कुणाच्यातरी दहाव्याचा भात तरंगत होता.

मी हे कुणाला सांगितलं नाही. तेव्हा वाटलं होतं, आपले वडील लबाड आहेत. कॉलेजात गेल्यावर वाटलं, शहाणे आहेत. नंतर त्यावर विचार करणंच सोडून दिलं.

आता वडील ब्याऐंशीचे आहेत. आई गेल्यापासून आमच्याकडे गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये राहतात. गुडघे गेल्यामुळे गंगेवर जाणं केव्हाच बंद झालं. गेल्या मार्गशीर्षात एका दुपारी ते बाल्कनीत उन्हाला बसले होते आणि मी शेजारी वर्तमानपत्र वाचत होतो. त्यांनी मधेच विचारलं, "धरणावर पाणी स्वच्छ असतं का रे?"

"मधोमध असतं," मी म्हणालो. "काठाला माणसं असतात."

"मधोमध जाता येतं?"

"होड्या भाड्याने मिळतात."

त्यांनी उन्हात स्वतःचा तळहात उघडून पाहिला. मग म्हणाले, "मला एकदा आचमन करायचंय. खरं."

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "तुला माहीत आहे. पायरीवर बसून पाहत होतास. डब्यात कारल्याची भाजी होती त्या दिवशी."

पंचेचाळीस वर्षं मला वाटत होतं की हे गुपित माझं आहे. ते आम्हा दोघांचं होतं.

नळाला येतं ते पाणीही धरणातलंच आहे, असं मी म्हणून पाहिलं. त्यावर ते म्हणाले, "नळाचं ते नळाचं. नदीचं पाणी नदीत हात घालून घ्यावं लागतं. एवढ्या लोकांना पाजलं मी, स्वतः घोटभर घेतलं नाही. जायच्या आधी एकदा तरी घ्यावं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुझ्या बहिणीला कळू देऊ नकोस. पोरगं तापलं होतं तेव्हा तिने माझ्या हातून कुंडाचं तीर्थ नेऊन त्याला पाजलं होतं. मी दिलं. नको म्हणता आलं नाही मला."

ते मला आठवत होतं. भाचा तेव्हा चार वर्षांचा होता आणि नंतर आठ दिवस दवाखान्यात होता. बरा झाला तो सलाइनने आणि इंजेक्शनांनी. बहीण मात्र आजही सांगते की बाबांच्या तीर्थाने बरा झाला.

तर असं ठरलं. दुसऱ्या शनिवारी मी एकटाच होडी बघायला गेलो. धरणाच्या पाण्याकाठी दोन-चार ठिकाणी होड्या मिळतात. पहिल्या ठिकाणी गाडी लावण्याआधीच गाणी ऐकू आली. तिथे वेगाच्या होड्या होत्या. त्या गोल फिरत, वळणावर आतली माणसं ओरडत आणि पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग पसरत जाई. अंगात घालायची नारिंगी जॅकेटं एका दोरीवर टांगली होती. मी एक हातात घेतलं. ते आतून ओलं होतं आणि आदल्या माणसाच्या घामाचा आंबूस वास त्याला येत होता. काठावर पाण्याला लागूनच दाणे खाल्लेल्या कणसांची बुरकंडं, कागदी प्लेटा, लहान मुलांचे वापरलेले डायपर पडलेले. त्यापासून चार हातांवर एक बाई लेकराचे हातपाय धूत होती. मी जॅकेट परत दोरीवर टाकलं आणि निघालो.

द्राक्षांच्या बागा ओलांडून बराच पुढे गेल्यावर एक माणूस भेटला. काठावरच्या वस्तीवरचा, मासेमारी करणारा. त्याच्याकडे एक मोटारीची होडी होती आणि एक जुनी वल्ह्यांची. मी वल्ह्यांच्या होडीबद्दल विचारलं.

"हाय ना, पर दोघा-तिघांचीच हाय ती," तो म्हणाला. "लय सावकाश जाती. मानसं कटाळत्यात."

"आम्हाला सावकाशच जायचंय. म्हातारे वडील आहेत."

"मग मंगळवारी या. रविवारी नका येऊ. रविवारी नुसती जत्रा असती इथं."

मी विचारलं, मधलं पाणी खरंच चांगलं असतं का. त्याने मला होडीत बसवलं, थोडं आत नेलं आणि तो ओंजळ भरून माझ्यादेखत प्यायला. "आमी हेच पितो," म्हणाला. पाण्यात खालचा दगड दिसत होता. मी तरीही ओंजळ भरली नाही, पण तो माझा दोष होता. मंगळवार सकाळ पक्की करून मी घरी आलो.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. तिथेच चूक झाली. तिला पूर्ण सांगता येत नव्हतं, म्हणून एवढंच म्हणालो की बाबांना होडीत बसायचंय. तिने कौतुकाने माझ्या बहिणीला फोन केला, बहिणीने नवऱ्याला सांगितलं आणि रात्रीची जेवणं व्हायच्या आत मोबाइलवर 'बाबांचा नौकाविहार' नावाचा ग्रुप तयार झाला. भाऊजी सातपूरच्या एका कारखान्यात खरेदी विभागाचे मुख्य आहेत. कुठलीही गोष्ट ठरवायची म्हटली की त्यांच्या अंगात येतं. मंगळवारचा त्यानंतरचा रविवार झाला, कारण मंगळवारी त्यांना सुट्टी नव्हती. वल्ह्यांच्या होडीची मोटारीची होडी झाली, कारण आता आम्ही सहा जण होतो. सकाळी आठला होडी, साडेनऊला मिसळ, गर्दी व्हायच्या आत, असा तक्ता त्यांनी ग्रुपवर टाकला. सगळ्यांसाठी पांढऱ्या टोप्या मागवल्या आणि ती बातमीही टाकली. मी नको म्हणू शकलो असतो, पण घरच्या जावयाला नको म्हणायला कारण लागतं, आणि माझ्याकडे होतं ते कारण बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

वडिलांना विचारलं तर म्हणाले, "असू दे. येऊ देत सगळ्यांना. पाणी तर तेच."

मार्गशीर्षातले गुरुवार नुकतेच संपले होते. आमच्या इमारतीत घरोघरी गुरुवारची पूजा मांडतात. चार गुरुवारांची फुलं, पत्री, पाच झाडांच्या डहाळ्या, वाळलेले हार. हे सगळं घंटागाडीत द्यायला कुणाचा हात धजत नाही. मग ते गाठ मारून बाल्कनीत ठेवतात आणि पाण्याकडे जाणाऱ्याची वाट बघतात. रविवारी सकाळी सहाला मी दार उघडलं तर दारात अकरा पिशव्या होत्या.

"धरणावर चाललात तर एवढं टाका," असं तळमजल्यावरच्या काकू आदल्या संध्याकाळी बायकोला म्हणाल्या होत्या. बायको हो म्हणाली होती. काकूंनी ते वरच्या मजल्यांवर कळवलं होतं.

मी त्या पिशव्यांकडे पाहत उभा राहिलो. काहींना आतून घाम फुटला होता. एकीच्या तळाशी काळपट पाणी साठलं होतं आणि गाठीतून झिरपून ते पायपुसण्यावर उतरलं होतं. कुजलेल्या झेंडूचा वास ज्याला माहीत आहे त्याला तो सांगायला नको आणि ज्याला माहीत नाही तो सुखी आहे. एकीत तडकलेल्या काचेची देवाची तसबीर होती. एकीत तेलकट फुलवाती, खोबऱ्याची बुरशी आलेली वाटी आणि कुणीतरी नजरचुकीने टाकलेलं शाम्पूचं पाकीट. मला लहानपणचा वास आला, तो वडिलांच्या उपरण्याचा.

"हे मी नेणार नाही," मी बायकोला म्हणालो. "निर्माल्याचे कलश ठेवलेत ना जागोजागी."

"कलशात घातलं तर विसर्जन केल्यासारखं वाटत नाही म्हणतात त्या."

"आणि आपल्या प्यायच्या पाण्यात टाकलं की वाटतं?"

"अहो, मी हो म्हणून बसलेय. आता एवढ्या घरांना काय तोंड दाखवू? ठेवा डिकीत. वाटलं तर येताना कलशात घाला, कुणाला कळतंय."

हे मला पटलं. मी पिशव्या डिकीत भरल्या. उचलता उचलता एक ओळखीची वाटली, मिठाईच्या दुकानाची, पिवळी. ती आमच्याच देवघराची होती. वडील लिफ्टपाशी काठी टेकून उभे राहून सगळं पाहत होते. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, स्वेटरवरून उपरणं घेतलं होतं आणि एका कापडी पिशवीत पळी-पंचपात्र घेतलं होतं.

काठावर पोचलो तर होडीवाला मोटारीच्या होडीत पाणी उपसत उभा होता. सहा जणांना पाहून त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. मी आणि भाच्याने वडिलांना दोन्ही बाजूंनी धरून होडीत पुढच्या फळीवर बसवलं. मी मागे वळलो तोवर भाऊजींनी डिकी उघडून पिशव्या होडीच्या मागच्या भागात आणून ठेवल्या होत्या.

"भाऊजी, ते राहू द्या गाडीत," मी म्हणालो.

"दादा, एवढं आणलंय तर पुण्याचं काम आहे. वाहत्या पाण्यात जाऊ दे."

"हे वाहतं नाही. साठवलेलं आहे. आपण पितो ते."

"म्हणूनच तर," भाऊजी म्हणाले. "पवित्र."

मी एवढंच म्हणालो की आधी बाबांचं आचमन होऊ द्या, त्यानंतर काय ते करा. भाऊजींनी मान हलवली. म्हणजे मी होच म्हणालो होतो. त्या दिवशीच्या माझ्या सगळ्या वागण्यात मला सर्वांत जास्त किळस या एका वाक्याची येते.

होडी मधोमध गेली. मी मोटार बंद करायला सांगितली. एकदम शांत झालं. थंडी होती, डोंगरांवर धुकं होतं आणि पाणी खरोखरच स्वच्छ होतं. वडिलांनी पळी-पंचपात्र बाजूला ठेवलं. नदीचं पाणी ते हातानेच घेणार होते. काठी माझ्याकडे दिली, उपरणं सारखं केलं आणि डोळे मिटून थोडा वेळ बसले. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाचा चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा झाला होता. मी त्यांच्या कमरेला घट्ट धरलं. ते एका बाजूला झुकले.

साडेआठ झाले होते आणि मिसळीच्या ठिकाणी गर्दी व्हायला लागणार होती. भाऊजींनी दुसऱ्या बाजूने पिशव्या सोडायला सुरुवात केली. आणि ते सुधारलेले असल्यामुळे त्यांनी पिशव्या टाकल्या नाहीत. प्रत्येकीची गाठ सोडून आतलं पाण्यात ओतलं आणि रिकामी पिशवी घडी करून ठेवली. "आपण प्लास्टिक टाकत नाही हं," असं भाच्याला सांगितलंही. गाठीत बंद राहिलं असतं ते सगळं त्यामुळे मोकळं झालं. वाऱ्याने होडी सावकाश फिरली आणि जी बाजू त्यांची होती ती आमची झाली.

वडिलांनी पाण्यात हात घातला आणि तळहाताचा खळगा करून वर आणला. त्यात पाणी होतं, झेंडूची एक काळी पडलेली पाकळी होती, कुंकवाची लाली होती आणि एक जळकी फुलवात होती. फुलवातीच्या कडेने तेलाचा तवंग फिरत होता. वडिलांनी डोळे उघडून तळहाताकडे पाहिलं.

"थांबा," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. भाचा मोबाइलवर चित्रीकरण करत होता, तो थांबला. बहीण हात जोडून बसली होती. तिने विचारलं, "का रे दादा? काय झालं?"

मला बोलता आलं असतं. हे पाणी पिण्यासारखं राहिलं नाही, दुसरीकडे चला, एवढं पुरलं असतं. पण ती लगेच म्हणाली असती, बाबांनी आयुष्यभर कुंडाचं तीर्थ घेतलं, याने काय होतंय. आणि मग मला एक तर खोटं बोलावं लागलं असतं नाही तर सगळं खरं. मी वडिलांकडे पाहिलं. त्यांनी अगदी थोडी मान हलवली.

"काही नाही," मी म्हणालो.

वडिलांनी पहिलं नाव घेतलं. हात तोंडाशी नेला. मनगट वळलं. पाणी स्वेटरच्या बाहीत गेलं. दुसरं नाव, तिसरं नाव. चौथ्याला त्यांनी हात मोकळा केला. आवाज खणखणीत होता, कुंडावर असायचा तसा. बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा, आम्हालाही द्या," ती म्हणाली.

वडिलांनी पंचपात्र भरून घेतलं आणि पळीपळीने सगळ्यांना दिलं. होडीवाला मागून म्हणाला, "आता नका पिऊ हितलं," पण त्याचं कुणी ऐकलं नाही. बहीण प्यायली, भाऊजी प्यायले, बायको प्यायली, भाचा मोबाइल दुसऱ्या हातात घेऊन प्यायला. माझ्या हातावर पळी आली तेव्हा वडील माझ्याकडे पाहत होते. मी हात तोंडाशी नेला आणि मनगट वळवलं. फार सोपं असतं ते, शिकावं लागत नाही.

मिसळीच्या ठिकाणी वडिलांनी फक्त दही खाल्लं. दुपारपर्यंत चित्रीकरण ग्रुपवर आलं, बहिणीने त्याखाली लिहिलं, आज बाबांची इच्छा पूर्ण झाली. तळमजल्यावरच्या काकूंनी जिन्यात अडवून आभार मानले. त्या संध्याकाळी मला सगळ्यांचीच शिसारी आली होती, भाऊजींच्या घडी केलेल्या पिशव्यांची, काकूंच्या समाधानी चेहऱ्याची, आमच्या देवघराची. मी मनाशी पक्कं धरलं की वडिलांचा घोट या लोकांनी हिरावला.

म्हणून मंगळवारी मी रजा टाकली. बायकोला सांगितलं, बाबांचे डोळे दाखवून आणतो. होडीवाल्याला आदल्या दिवशी फोन केला होता. त्याने वल्ह्यांची होडी काठाला लावून ठेवली होती आणि फळीवर घोंगडी घातली होती. आम्ही दोघं आणि तो. वल्ह्यांच्या आवाजाशिवाय काही आवाज नव्हता. लांब पाण्यावर पाणकोंबड्या बसल्या होत्या, त्या उडाल्यासुद्धा नाहीत. रविवारच्या जागेपासून खूप दूर, वरच्या अंगाला त्याने होडी नेली आणि वल्ही आत घेतली.

"हितं बगा," तो म्हणाला. "हितं कोन येत नाय."

वडील झुकले. तळहातात पाणी आलं आणि त्या पाण्यातून त्यांच्या हाताच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. त्यांनी पहिलं नाव घेतलं, हात तोंडाशी नेला आणि मनगट वळलं.

मला वाटलं, हात थरथरला. तेही तसंच समजले असावेत, कारण त्यांनी पुन्हा पाणी घेतलं. पुन्हा नाव, पुन्हा हात तोंडाशी, आणि ओठांपाशी आल्यावर पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरून ठेवलं. मनगट वळलं नाही, पण ओठ मिटले. पाणी हनुवटीवरून गळ्यात आणि गळ्यावरून स्वेटरमध्ये गेलं. होडीवाल्याने नजर दुसरीकडे वळवली.

आजूबाजूला मैलभर स्वच्छ पाणी होतं आणि ज्याच्यावर चिडावं असं एकही माणूस नव्हतं.

"हात ऐकत नाही," वडील म्हणाले. "पाण्याचा दोष नव्हता रे रविवारी."

"मी ओंजळीने पाजतो," मी म्हणालो. "तुम्ही नुसतं तोंड उघडा."

त्यांनी उपरण्याने हनुवटी पुसली. मला वाटलं, रागावले. पण ते हसले, आई गेल्यानंतर पहिल्यांदाच असं, आणि म्हणाले, "ते तू पाजशीलच शेवटी. पाजावंच लागतं मुलाला. तेव्हा मला हात वळवता येणार नाही आणि तोंडही मिटता येणार नाही." मग पाण्याकडे बघत म्हणाले, "फक्त कुंडाचं आणू नकोस. इथलं आण."

गाडीत प्यायच्या पाण्याची काचेची बाटली होती, ती मी येताना होडीत आणली होती. तिच्यातलं पाणी मी ओतून दिलं आणि तिथेच ती बुडवून भरली. होडीवाल्याने झाकण घट्ट लावून दिलं. घरी येऊन ती मी माझ्या कपाटात शर्टांच्या मागे ठेवली. बायकोला एकदा दिसली, तिने विचारलं, मी औषध आहे म्हणालो.

ठेवलेलं पाणी खराब होतं. म्हणून दर महिन्याला एका मंगळवारी मी धरणावर जातो, वल्ह्यांच्या होडीने वरच्या अंगाला जाऊन बाटली भरून आणतो आणि जुनं पाणी बाल्कनीतल्या तुळशीला घालतो. वडील विचारत नाहीत. मी पाणी बदललेलं त्यांना कळतं, एवढं मला कळतं. जिना उतरताना काकू दारात असल्या तर विचारतात, कुठे निघालात एवढ्या सकाळी. मी सांगतो, पेट्रोल भरायला.